देवकाबाईचा ठराव

जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि मग कळलं, की जंगल कामगार सोसायटीचा म्हातारपणाचा फंड एका दारू कारखान्याच्या शेअरमध्येच गुंतलाय. आरमोरीच्या सभेत देवकाबाई उभी राहिली. "ज्या बाटलीनं माहं कुंकू पुसलं, तिच्या पैशाचा भात मले नाई पाह्यजे!" अध्यक्ष अतुलभाऊंचे डोळे भरून आले. मिळेल त्या भावात शेअर विकून टाकायचा ठराव एकमतानं पास झाला.

शेअर मातीमोल भावात विकले गेले आणि म्हाताऱ्यांची पेन्शन निम्म्यावर आली. देवकाबाईला त्याचं काही वाटलं नाही. पिकल्या केसांवर चुंबळ ठेवून ती पुन्हा रोजीला जाऊ लागली, पण मान ताठ होती.

त्या उन्हाळ्यात अतुलभाऊंच्या घरावर माडी चढत होती. विटांची पाटी उतरवून, घाम पुसत तिनं सहज विचारलं, "भाऊ, आपले थे शेअर घेतले तरी कोनं असतीन?"

अतुलभाऊंनी छातीवर हात ठेवला.

 

"बाहेरच्याले कायले द्याचे, बाई? सगळ्यायचं पाप मीच पदरात घेतलं."