रविवारचा फोटो

आई गेल्यावर महिन्याभराने थोरलीने तिचे सगळे फोटो एका ठिकाणी लावायला घेतले. आईजवळ राहणारा धाकटा भाऊ दर रविवारी परगावच्या या बहिणीला आईचा एक ताजा फोटो पाठवत असे. त्या चौकटीतल्या उन्हाच्या आधारावर तिने शेवटचे वर्ष रेटले होते. दोनदा साठलेले फोटो शोधणारे ॲप तिने सुरू केले, आणि त्याने शेवटचे सव्वीस रविवार एकाच खणात नेऊन ठेवले. खिडकीपाशी बसलेली तीच आई. कुठे उजळ केलेली, कुठे कडेने कापलेली, कुठे डावी-उजवी उलटवलेली.

तिने भावाला फोन लावला.

"सहा महिने एकच फोटो? माझ्या डोळ्यांत धूळ फेकत होतास तू?"

"पहिल्यांदा चुकून मागच्याच रविवारचा गेला, ताई," भाऊ शांतपणे म्हणाला. "लक्षात आल्यावर नवा काढायला उठलोही होतो. तेवढ्यात तुझं उत्तर आलं, 'गेल्या खेपेपेक्षा आई आज किती टवटवीत दिसतेय रे!'"