परागची पावलं

"काका, तुमचा पराग लंगडी घालत चालतो का हो?" घर बनवणाऱ्या कंपनीकडून तपासणीला आलेल्या तांबोळीबाईंनी विचारलं.

व्हीलचेअरवरचे कुलथेकाका खुदकन हसले. पकडले गेले होते.

गेल्या वर्षी त्यांचे पाय गेले, तेव्हा घर नव्याने करून घेतलं. हे घर प्रत्येकाची पावलं ओळखायचं आणि त्याच्या सोयीने भिंती हलवायचं. ज्याची पावलं तीन महिने उमटली नाहीत, त्याची खोली मिटवून व्हीलचेअरला जागा करायचं. मुलगा पराग तर सहा वर्षं कॅनडात. म्हणून काका त्याचा जुना बूट काठीला बांधून रोज त्याच्या खोलीभर आपटत फिरायचे.

"एकच बूट सापडला," काका म्हणाले. "पण बनवलं की नाही तुमच्या घराला?"

"चांगलंच बनवलंत! आत बघा."

परागच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत, भिंतीतून आधाराची नवीकोरी दांडी निघाली होती. घराने त्याला एका पायाचा समजून सोय केली होती.

काका दांडीवरून हात फिरवत राहिले.

"खरं लिहिलं तर खोली संध्याकाळपर्यंत मिटेल," बाई हळूच म्हणाल्या. "काय लिहू?"

"लिहा, पोरगा सावकाश चालतो. घरी पोचायला वेळ लागतोय त्याला."