सलोख्याची रीत

"सलोखा आमच्याकडे नुसता बोलून होत नाही, साहेब," मास्तर चहा ढवळत म्हणाले. पलीकडच्या देशातल्या राजवटीविरुद्ध लिहिलं म्हणून ते पळून इकडे आले होते आणि इथल्या परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्यांना तिकडची भाषा शिकवून पोट भरत होते. साहेब आता तहासाठी तिकडेच निघाले होते.

"आधी ज्याचं त्याला परत करायचं. आमच्या आईने शेजाऱ्यांची शेळी अडवून ठेवली होती. सलोखा ठरला, तेव्हा शेळीच्या गळ्यात झेंडूची माळ घालून स्वतः नेऊन दिली. रिकाम्या हाताने गेलात तर तिथे कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही."

"त्यांचं आमच्याकडे काय आहे?"

"बघा शोधून. एखादी जुनी मूर्ती असेल संग्रहालयात."

निघायच्या दिवशी मास्तरांच्याही दारात गाडी आली. तह होणार म्हणजे जुनं सगळं माफ, आणि दुभाष्या तर लागणारच, म्हणून ते इस्त्रीचा कोट घालून खुशीत बसले. विमानात साहेबांनी त्यांना खिडकीची जागा दिली आणि त्यांच्याकडून तिकडच्या भाषेतलं एक वाक्य घोटून घेतलं: 'तुमचं तुम्हाला परत करतो आहोत.' मास्तरांनी उच्चार सुधारून दिला.

विमान उतरलं. खाली बँड वाजत होता, लाल गालिचा अंथरला होता. गालिच्याच्या टोकाला जाळीची पोलीसगाडी दार उघडून उभी होती.

"मूर्ती कुठाय, साहेब?" मास्तरांनी विचारलं.

साहेबांनी पिशवीतून झेंडूची माळ काढली.

"मान जरा खाली करा, मास्तर."