दादाला विचार

उद्यापर्यंत कॉलेजची शाखा निवडायची होती.

"कंप्यूटर सायन्सच घे, सोचना क्या है," बाबा म्हणाले. "तरी एकदा दादाला विचार. त्याच्यामुळेच तर अख्खं माधवगंज मला मान देतं."

सीमंतिनी दादाच्या खोलीत गेली. इस्त्रीचा शर्ट घालून तो बंद लॅपटॉपसमोर बसला होता. त्याची सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी गेल्याचं घरात फक्त तिला ठाऊक होतं.

"घेऊ का रे कंप्यूटर सायन्स?"

त्याने लॅपटॉप बाजूला सरकवला.

"घे," तो म्हणाला. "म्हणजे बाबांचा मान तुझ्यामुळे टिकेल, आणि मला त्यांना खरं सांगता येईल."

बाहेर येऊन तिने बाबांना होकार सांगितला. आपल्याला काय शिकायचं होतं, ते तिला आठवेना.