वर्गातला पहिला

तिसऱ्या दिवशीही मुनिमहाराज सुकुमारअण्णांच्या दारापाशी क्षणभर थबकले, नजर टाकली आणि पुढे निघून गेले.

निपाणीच्या त्या गल्लीत एकाही घरी त्यांचा आहार झाला नव्हता. दिगंबर मुनींची रीतच तशी. सकाळी मनाशी नेम धरायचा, अमुक एक खूण दिसेल त्याच दारी ओंजळ पसरायची, नाही दिसली तर उपास. खूण कुणाला सांगायची नाही. मग गल्लीनं डोकं चालवलं. कुणी नारळ घेऊन उभं राहिलं, कुणी ऊस, कुणी कलशावर कलश रचून. भरमू पाटलानं तर गाय सजवून दारात बांधली. गायीनं शेजारच्यांचा ऊस खाल्ला, एवढंच झालं.

"म्हाराज तोंडाकडं बघत न्हाईत," अण्णांची बायको राजमती म्हणाली. "हाताकडं बघत्यात."

"बघंल की माझ्याकडं. वळखीचा हाय त्यो."

"म्हाराजांना अरेतुरे करू नगा."

अण्णांची तंबाखूची वखार होती, पण जीव अडकलेला कोल्हापूरच्या कॉलेजात. पंचवीसेक वर्षांपूर्वीचा तो अख्खा वर्ग त्यांना तोंडपाठ होता. कोण कुठवर चढला, कुणाला काय पद मिळालं, सगळं त्यांच्या डोक्यात नोंदलेलं. आणि नवल असं की, दुसऱ्याची जमेची बाजू वाढली की खूश हे व्हायचे. मारुतीराव बेळगावात सरकारी वकील. ज्योतिबा रेल्वेचे पूल बांधतो. शामू मिठाच्या चळवळीत दोनदा हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आला. "मारुतीराव लोकांना हिंडलग्यात धाडतो, शामू आपणहून जातो," अण्णा बाजारात सांगायचे, "दोघंबी आमच्याच बाकावरचे."

बोर्डिंगातल्या त्यांच्या खोलीत दोघं सोबती होते. एक भुजबली. घंटेआधी पंगतीत बसणारा, दुसऱ्याच्या ताटातलीही पोळी आपली मानणारा. अण्णांच्या आईनं पितळी डब्यातून लाडू धाडले तेव्हा अण्णांनी डब्याला कुलूप घातलं. भुजबलीनं दगडानं कोयंडा तोडला, डब्याला पोचा पाडला आणि एका बैठकीत डबा रिकामा करून निवांत ढेकर दिली. परीक्षेतही त्यानं तेवढीच निवांत गटांगळी खाल्ली. त्याची चौकशी अण्णा कधी करत नसत. असेल कुठल्यातरी लग्नात, म्हणायचे, दुसऱ्या पंगतीची वाट बघत.

दुसरा पायगोंडा. वर्गात पहिला, एका भाकरीवर दिवस काढणारा काटकुळा पोरगा. बीजगणितात अण्णा बुडतच होते, त्यानं आपलं पुस्तक दिलं, समासात सगळी उत्तरं सोडवलेली. अण्णा पास झाले. आभार मानायला गेले तर पायगोंडा खोली सोडून गेलेला. पुढे त्याचा पत्ता कुणालाच लागला नाही. सगळ्या वर्गाच्या हिशेबात तेवढी एकच जागा कोरी होती, आणि ती अण्णांना सलायची.

अशात मारुतीरावाकडून कळलं, निपाणीकडे येणारे मुनी पूर्वाश्रमीचे आपल्या वर्गातले, तुझ्याच बोर्डिंगातले म्हणे. अण्णांना आणखी काही विचारावंच लागलं नाही.

"सगळ्यांनी पगार मिळवला," ते राजमतीला म्हणाले. "ह्यानं सगळं सोडून दाखवलं. पैला नंबर तो पैलाच. एकदा त्याच्या ओंजळीत माझ्या हातचा घास पडला की माझं कालेज पुरं झालं."

चौथ्या सकाळी त्यांनी ते बीजगणिताचं पुस्तक काढलं. मुनींपुढे कातडं चालणार नाही म्हणून त्याचा कातडी पुठ्ठा सोलून काढला. पुस्तक छातीशी धरून दारात आले, तर शेजारी राजमती जुन्या पितळी डब्यावर नारळ ठेवून उभी.

"कलश कुठाय?"

"शेजारच्या ब्राह्मीआक्कानं मागून न्हेला. तिला आज सात रचायच्यात."

"म्हणून हे भंगार? वर्गातल्या पैल्या नंबराला हा पोचा दाखवतीस?"

"म्हाराजांना डबा दावायचा न्हाई. भात वाढायचाय."

बोलायला वेळ उरला नाही. महाराज गल्लीत शिरले होते. आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकलेली, बरगड्या उघड्या पडलेल्या, पाय मात्र स्थिर. त्या वाळलेल्या देहात अण्णा काटकुळा पायगोंडा शोधत होते, आणि तो सापडतही होता. गाय मागे पडली, ऊस मागे पडला, ब्राह्मीआक्काचे सात कलश मागे पडले.

"नमोस्तु, स्वामी. तिष्ठ, तिष्ठ," अण्णांचा आवाज फाटला.

महाराज थांबले. या वेळी पुढे गेले नाहीत.

अख्खी गल्ली अंगणात जमली. राजमतीनं पाय धुतले. महाराजांनी उभ्यानंच ओंजळ पुढे केली. भाताचे चारपाच घास, थोडं दूध, मग पाणी. वाढणारे हात अजून भरलेले असतानाच त्यांनी ओंजळ सोडली. एवढ्या दिवसांच्या उपासावर एवढंच. अण्णांना हुंदका आवरेना. हे पायगोंडालाच जमावं, त्यांना वाटलं.

महाराज पाटावर बसले तसे अण्णांनी दोन्ही हातांनी पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं.

"म्हाराज, ह्याच्या जिवावर मी पास झालो. तवा बोलायचं राहिलं. खूण पटली, माझं भाग्य."

महाराजांनी पुस्तकाकडं पाहिलं नाही. ते मंद हसले. हातातली मोरपिसांची पिच्छी उचलून त्यांनी तिची टोकं शेजारच्या पितळी डब्यावरून, त्या जुन्या पोच्यावरून, सावकाश फिरवली.

"लाडू लई ग्वाड होते, सुकुमार," ते म्हणाले. "कुलूप तेवढं उगंच लावलंस."