तबकडीचा काटा

सत्त्याण्णव साली वाशीच्या एका ऑफिसात वैजयंती सकाळपासून संगणकाच्या पडद्यावर टाकीच्या तापमानाची तबकडी चौथ्यांदा बनवत होती. सॉफ्टवेअरमधली तयार तबकडी तळोज्याच्या रसायन कारखान्याला त्यांच्या तीन नंबरच्या टाकीसाठी पसंत नव्हती, आणि आजचा डेमो फसला तर तिची नोकरी जाणार होती. तबकडी कशालाच जोडलेली नव्हती. तरी काटा दरवेळी शून्यावरून ब्याऐंशीवर सरकायचा.

"कोडच लिहिला नाही मेल्या, हलतोस कसा?" ती करवादली.

डेमोला आलेले कारखान्याचे राणेसाहेब काट्याकडे बघतच राहिले. त्यांनी कारखान्यात फोन लावला.

"भैरू, तीन नंबरची टाकी किती दाखवते?"

"ब्याऐंशी, साहेब."

पडद्यावरचा काटा वर सरकू लागला.

"साहेब, आता इथला काटा चढतोय!" भैरू ओरडला.

राणेसाहेबांनी वैजयंतीचा हात घट्ट धरला. "मॅडम, पाया पडतो. काटा खाली आणा, नाहीतर टाकी फुटेल."