जूनमधला शनिवार

माझं लग्न झालं त्या वर्षी आमच्या आदूर नदीकाठच्या गावाचा रग्बी संघ प्ले-ऑफला, म्हणजे बाद फेरीला पोहोचला होता. त्यानंतर कधीच नाही. म्हणून इथे लग्नं, अगदी खेळाडूंचीसुद्धा, जूनमधल्या प्ले-ऑफच्या शनिवारी बिनघोर ठरतात. माझ्या नातीचं, मायलिसचंही पेयोशी तसंच ठरलं. लग्न लावायला महापौरांची वेळ घेतली, जेवणासाठी बदकं सांगून ठेवली, बँड ठरवला.

आणि नेमके यंदाच आमचे खेळाडू जिंकत सुटले! आता साखळीतला शेवटचा सामना जिंकला की पहिल्या सहांत, म्हणजे प्ले-ऑफ, आणि तोही लग्नाच्याच दिवशी.

"आजी, एवढं एकदा हरू देत ना गं," मायलिस माझ्या कानाशी पुटपुटली.

"हळू बोल. आजोबांनी ऐकलं तर लग्नाला यायचे नाहीत."

"तसेही कुठे येणार आहेत? सामना असेल ना!"

त्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि पेनल्टी मिळाली. आत गेली तर तीन गुण. अंतर लांबचं, कोन अवघड. किक मारणाऱ्याला आमच्याकडे कुणी त्रास देत नाही, त्यामुळे अख्खं मैदान चिडीचूप झालं. त्या शांततेत मायलिस उभी राहून किंचाळली, "पेयो, चेंडू आत गेला तर त्या शनिवारी लग्न कुणाशी करणार आहेस?"



चेंडू दोन खांबांच्या बरोबर मधून गेला, सगळं गाव नाचायला लागलं, आणि आमचा नवरदेव तेवढा डोक्याला हात लावून गवतात बसला.